पोराला पोरच राहू द्या

(करकंब येथे तरुण वाचकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. साहित्याची पदवी माझ्याकडे नाही. पण तीन वर्षांपासून करकंबमधल्या माझ्या लहानपणावर कादंबरी लिहितोय आणि ती सारखी बिघडतेय. का बिघडते, तेवढंच आज सांगतो. तुमच्यातलेही काही जण लिहितात, म्हणून.

आमच्या कामात ‘लॉग’ असतो. जे घडलं ते घडलं त्याच क्षणी नोंदवलं जातं. नंतर कारण कळलं म्हणून जुनी नोंद कोणी बदलत नाही. बदलली, तर बिघाड कधीच सापडणार नाही. लहानपणाच्या कादंबरीचंही तसंच आहे.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ची. नववीतला मुकुंद जोशी ती सांगतो. काळ आणीबाणीचा आहे, पण ती नववीतल्या पोराला दिसेल तेवढीच दिसते. त्याचं सारं लक्ष शिरोडकरकडे. लेखकाला पुढचं सगळं ठाऊक होतं, तरी त्यांनी ते मुकुंदच्या तोंडी घातलं नाही. प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’मधला लंपन आजी-आजोबांकडे सीमाभागात वाढतो. त्याच्या मराठीत कानडी डोकावते. संत ती सुधारत नाहीत.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिथे मोठा झालेला श्याम आठवणी सांगतो आणि बोधही सांगतो. ते चालतं, कारण बोलणारा मोठा आहे हे उघड आहे. माझी चूक वेगळी होती. बोलायला मी पोराला उभं केलं आणि शब्द पस्तिशीतल्या माणसाचे दिले.

उदाहरण देतो. आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्या दिंड्या आपल्या गावातून जातात. मी नऊ वर्षांचा असताना अब्बांबरोबर वारकऱ्यांना पाणी देत होतो. एक म्हातारी पाणी प्यायली, माझ्या गालावरून हात फिरवून ‘माउली’ म्हणाली आणि पुढे गेली. पहिल्या खर्ड्यात मी खाली लिहिलं : ‘त्या क्षणी मला गंगा-जमनी संस्कृतीचा अर्थ उमगला.’ साफ खोटं! मला तिच्या टाचांच्या भेगा दिसल्या होत्या आणि पेला परत मिळेल ना, याची काळजी होती.

दुसरा प्रसंग. भारत-पाकिस्तान सामना होता. मित्राच्या घरी आम्ही सगळे टीव्हीसमोर. कोणीतरी मोठा माणूस हसत म्हणाला, ‘आज तू कुणाकडून रे?’ मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणालो, ‘सचिनकडून.’ सगळे हसले, मीही हसलो. रात्री अब्बांना विचारलं, ‘त्यांनी फक्त मलाच का विचारलं?’ अब्बा उठून दाराची कडी लावायला गेले. कडी आधीच लावलेली होती.

या प्रसंगावर मी आधी दोन पानं भाष्य लिहिलं होतं. आता खोडलंय. त्या पोराला अपमान माहीत नव्हता, त्याला फक्त कडी दिसली. उरलेलं वाचकाला कळतं, आणि जास्त लागतं. निरागसता जपायची म्हणजे वाईट गोष्टी लपवायच्या नाहीत. पोराला जेवढं कळलं तेवढंच त्याच्या तोंडी ठेवायचं.

हे आपल्यासाठी का महत्त्वाचं? मराठी कथेत आपलं पोर आलं, की बहुतेक वेळा काहीतरी सिद्ध करायला येतं. एक तर सलोख्याचा दाखला, नाही तर अन्यायाचा पुरावा. त्याला पतंग उडवायला, गणितात नापास व्हायला, वर्गातल्या मुलीवर जीव जडवायला फुरसत मिळत नाही. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’चा निवेदक मोठेपणी गावी परततो. तसल्या गावातलं पोर स्वतः बोलताना मला अजून हवं आहे. आपल्या पोरांना प्रत्यक्षात लवकर मोठं व्हावं लागतं. निदान कादंबरीत तरी आपण त्यांना घाई करू नये.

तेव्हा आज घरी गेलात, की दहा वर्षांचे असतानाची एक आठवण लिहा. घरात बोलत होता त्याच भाषेत, दखनी येऊ द्या, चालेल. मग प्रत्येक वाक्याला विचारा : हे मला तेव्हा माहीत होतं का? नसेल, तर खोडा.

माझी कादंबरी त्यामुळे निम्मी झालीय. पण आता ती अब्बांना वाचून दाखवता येते. कडीच्या प्रसंगापाशी ते म्हणाले, ‘तुला दिसलं होतं होय?’