गेलेली वाचा परत आणताना



चिटणीसबाईंनी आज मला बोलायला उभे केले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली, भाषणाची सवय नाही. पण गेली दोन वर्षे आमच्या घरी बोलण्याचाच अभ्यास चालला आहे, तेव्हा त्यावरच चार शब्द सांगते. आपल्यापैकी पुष्कळजणी वाटेत भेटल्या की हळूच विचारतात, "आता बोलतात का हो?" त्या सगळ्यांना एकदमच उत्तर होईल.

आमचे यजमान एस.टी.त कंडक्टर. सातारा-महाबळेश्वर गाडीवर बरीच वर्षे होते. भर गर्दीत शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज. रक्तदाब होता, पण ड्यूटीच्या नादात गोळ्या चुकत. दोन वर्षांपूर्वी श्रावणात झोपेतच अर्धांगाचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले आणि वाचा गेली.

इथे एक गोष्ट आधी सांगून टाकते. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यातले एक जरी एकाएकी दिसले तरी तेल चोळत बसू नका. गाडी करा आणि मेंदूचा स्कॅन होतो अशाच इस्पितळात न्या. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आमच्याकडे झटका कधी आला तेच कळले नाही, म्हणून ते देता आले नाही.

पाय सुधारला, काठी घेऊन चालू लागले. बोलणे म्हणाल तर एकच शब्द उरला, "हो". चहा हवा का? हो. नको का? हो. भेटायला येणारे कोणी म्हणत, डोक्यावर परिणाम झाला. कोणी कानाशी येऊन मोठमोठ्याने बोलत. जणू काही बहिरेच झाले! त्यांना सगळे ऐकू येत होते, आणि पुष्कळसे समजतही होते.

वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी मला नीट समजावले. बहुतेक माणसांची बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, आणि उजवे अंगही तीच बाजू चालवते. म्हणून ही दोन दुखणी पुष्कळदा जोडीने येतात. शब्द माहीत असतो, पण ओठांवर येत नाही. पाटीवर लिहून दाखवा म्हणावे, तर लिहिणेही त्याच दुखण्यात जाते. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांकडे १८६१ साली एक रोगी होता. तो फक्त 'टॅन' एवढेच बोले, म्हणून लोक त्याला त्याच नावाने हाक मारीत. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू पाहिला, तेव्हा बिघाड डाव्या बाजूला सापडला. हे ऐकून मला उगीचच धीर आला. म्हटले, 'टॅन'पेक्षा आमचा 'हो' बरा!

बाई म्हणाल्या, जे पाठ आहे ते आधी येते. आकडे, वार, आरती. सुरात म्हटले तर आणखी सोपे, कारण सुराचे काम मेंदूची उजवी बाजूही करते. मग रोज संध्याकाळी त्यांचा डावा हात हातात घेऊन मी एकेका अक्षराला हलकेच टिचकी देत आरती म्हणू लागले. आठवड्याभरात ओळींची शेवटची अक्षरे त्यांच्या तोंडून येऊ लागली. (रागाच्या भरात शिवी मात्र त्याआधीच स्वच्छ आली होती. सासूबाईंनी त्या दिवशी साखर वाटली.)

एका दुपारी मनात आले, यांना आरतीपेक्षा गाडी जास्त पाठ. मी म्हटले, "सातारा..." आणि थांबले. बराच वेळ गेला. मग "लिंब फाटा". मग "पाचवड". मग "वाई". वाई माझे माहेर. पुढचे पाचगणी, महाबळेश्वर मला नीट ऐकूच आले नाही.

पण पाठ म्हणणे वेगळे आणि मनातले सांगणे वेगळे. 'पाच' म्हणायचे तर त्यांना एकपासून मोजत यावे लागे. तिथून पुढचे काम चुलीपाशीच झाले. कप हातात धरायचा, "मला हवा च..." म्हणायचे आणि गप्प राहायचे. मनात दहा आकडे मोजायचे. हे गप्प राहणेच सर्वांत अवघड. 'चहा'च्या जागी 'दूध' आले तर रागावायचे नाही, हसायचे नाही. आपण एकदा 'चहा' म्हणून पुढे जायचे. सकाळी विश्रांती झालेली असताना पंधरा-वीस मिनिटे, तसेच संध्याकाळी. टी.व्ही. बंद, आणि एका वेळी एकानेच बोलायचे.

आता एक गोष्ट सांगू की नको, असे वाटते, पण सांगते. संक्रांतीच्या सुमारास थोरले भावजी कागद घेऊन आले. सामाईक शेताचा तुकडा विकायचा होता. त्यांच्या घरी लग्न होते, अडचण खरी होती. त्यांनी विचारले, "विकायचं ना रे?" हे म्हणाले, "हो." भावजींनी शाईचा पॅड पुढे केला. मी म्हटले, थांबा. "शेत ठेवायचं का हो?" पुन्हा "हो."

त्याआधी महिनाभर आम्ही एक सराव केला होता. पटले तर डाव्या हाताचा अंगठा वर, नाही तर खाली. "तुम्ही बाई आहात का?" असल्या प्रश्नांपासून सुरुवात केली होती, आणि अंगठा चुकेनासा झाला होता. मग भावजींसमोरच तोच प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला. विकायचे? तोंडाने "हो", अंगठा खाली. ठेवायचे? अंगठा वर. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, तेच उत्तर. भावजी मुकाट्याने कागद घेऊन गेले. कित्येक महिने आमच्याकडे आले नाहीत. मग दिवाळीला आले.

आज हे दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलतात. "पाणी दे." "पोरगी आली?" मोबाईलवर बोलणे अजून जमत नाही, समोर माणूस लागतो. आमच्या बाई आता मोबाईलवरच चित्रातून शिकवतात. मुंबईला वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाचा व श्रवणाची राष्ट्रीय संस्था १९८३ सालापासून आहे. ज्यांना सोयीचे असेल त्यांनी तिथे चौकशी करावी.

आणि मंगळवारी दुपारी आमच्याकडे बसायला या. त्यांना घरच्यांखेरीज दुसऱ्या माणसांशी बोलायचा सराव हवा आहे. चहा कितीचा टाकायचा ते तेच मोजतील. थोडा वेळ लागेल. तेवढे मध्येच तुम्ही आकडा सांगू नका.