बाळंतीण, पाणी आणि मेंदूतील शिरा



मेंदूला रक्त पोचवणाऱ्या धमन्यांची चर्चा पुष्कळ होते. ते रक्त परत नेणाऱ्या शिरा दुर्लक्षितच राहतात. त्यांत गुठळी झाली की परतीची वाट तुंबते, दाब वाढतो आणि मेंदूला सूज येते. आजार विरळा खरा. पण तो तरुण स्त्रियांना अधिक गाठतो, आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे विशेष जोखमीचे असतात. प्रसूतीतील रक्तस्राव आवरण्यासाठी निसर्गच त्या काळात रक्ताला लवकर गोठण्याचा गुण देतो. त्यात शरीरातील पाणी कमी झाले की धोका वाढतो. बाळंतिणीला पाणी बेताने देण्याची जुनी रीत मराठी घरांत होती, तशी राजस्थानातील 'जाप्या'तही. डिंकाच्या लाडवांशी कोणाचे वैर नाही. पण जयपूरच्या ज्येष्ठातील उन्हाळ्यात पाणी तोडणे हा अविचारच. वाढती डोकेदुखी, उलट्या, अंधूक दिसणे, आकडी अशा वेळी मीठ-मोहऱ्या ओवाळण्यात वेळ दवडू नये.

बरी झालेली मुलगी घरी आली की सर्वांच्या मनात एकच प्रश्न असतो: पुन्हा होईल का? 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 21 देशांतील 624 रुग्णांच्या अभ्यासात सुमारे सोळा महिन्यांच्या पाठपुराव्यात केवळ 14 जणांना मेंदूत पुन्हा गुठळी झाली. 27 जणांना मात्र शरीरात इतरत्र गुठळीचा त्रास झाला. हिलरी क्लिंटन यांच्या पायात 1998 आणि 2009 साली गुठळ्या झाल्या होत्या. 2012 मध्ये चक्कर येऊन पडल्यानंतर ती मेंदूजवळच्या शिरेत आढळली.

म्हणून कारणाचा शोध महत्त्वाचा. कारण तात्पुरते असेल, तर रक्त पातळ ठेवणारी औषधे साधारणतः तीन ते सहा महिने पुरतात. रक्ताची प्रवृत्तीच गोठण्याची असेल, तर ती दीर्घकाळ, कधी आयुष्यभर घ्यावी लागतात. दुसरे मूल होऊच देऊ नये, असे मात्र नाही. वॉर्फरिनसारख्या गोळ्या गर्भाला अपायकारक ठरू शकतात, म्हणून त्या काळात डॉक्टर बहुधा हेपॅरिनची इंजेक्शने देतात. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात. पूजेसाठी पाळी पुढे ढकलणारी गोळी तर अशा मुलीने दुकानातून परस्पर आणूच नये. देवाला त्याची गरज नाही.

आणि जयपूरची लेक पुढच्या बाळंतपणासाठी पुण्या-नागपूरला माहेरी निघाली, तर बाळाच्या दुपट्यांआधी तिच्या जुन्या एमआरआयची पाकिटे पिशवीत भरावीत, आणि तिथल्या डॉक्टरांना ती पहिल्याच भेटीत दाखवावीत.