जपानी जीवन आणि परक्यांचे प्रश्न

परदेश पाहून आलेला मनुष्य घरीं परततो, तेव्हां त्याच्या बोलण्यांत राजवाडे आणि देवालयें यांचें वर्णन थोडें असतें आणि किरकोळ गोष्टींचें नवल फार असतें. तेथील लोक काय खातात, कसे निजतात, स्नान कसें करतात, घरांत शिरतांना पायांतलें काढतात कीं नाहीं, असल्या गोष्टी सांगतांना तो रंगून जातो आणि ऐकणारेहि कान टवकारतात. जपानच्या बाबतींत असल्या प्रश्नांची परंपरा साडेचारशें वर्षांची आहे, आणि तिचा आरंभ शोधूं गेल्यास गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत यावें लागतें.

लुईस फ्रॉइश हा पोर्तुगीज धर्मोपदेशक १५४८ सालीं, ऐन सोळाव्या वर्षीं, गोव्यास आला. त्याच वर्षीं अंजिरो नांवाचा एक जपानी गृहस्थ गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयांत ख्रिस्ती धर्माचा अभ्यास करीत होता. पुढें १५६३ मध्यें फ्रॉइश जपानांत उतरला, आणि १५९७ मध्यें नागासाकी येथें मरण येईपर्यंत त्याचें बहुतेक आयुष्य त्या देशांतच गेलें. १५८५ सालीं त्यानें एक टिपण लिहिलें. युरोपांतले लोक अमुक करतात आणि जपानांतले तमुक करतात, अशा सुमारें सहाशें जोड्या त्यानें त्यांत एकाखालीं एक मांडल्या आहेत. हें टिपण साडेतीनशें वर्षें विस्मृतींत पडलें होतें. तें १९४६ मध्यें माद्रिद येथें सांपडलें आणि १९५५ मध्यें छापून प्रसिद्ध झालें.

त्यांतल्या कांहीं जोड्या ऐकण्यासारख्या आहेत. युरोपांत सुतकाचा रंग काळा, जपानांत पांढरा. युरोपीय स्त्रिया दांत पांढरे राखण्याची खटपट करतात, जपानी स्त्रिया ते मुद्दाम काळे करतात. युरोपांत मुलांना मार देऊन वळण लावतात, जपानांत बहुधा शब्दांनींच समज देतात. युरोपांत लिहितां येणाऱ्या स्त्रिया विरळा, जपानांत थोर घराण्यांतल्या स्त्रीस लिहितां न येणें हाच कमीपणा. आणि युरोपांतले लोक हातानें जेवतात, तर जपानी लोक लहानपणापासून दोन काड्यांनीं जेवतात!

हें शेवटचें वाक्य ऐकून मराठी श्रोत्यास हंसूं आल्याखेरीज राहणार नाहीं. कारण कांटे-चमचे रूढ झाल्यावर तोच युरोपीय मनुष्य हिंदुस्थानांत येऊन हातानें जेवणारांकडे नवलानें पाहूं लागला. पांढऱ्या सुतकाचें नवल आपल्याकडील माणसास वाटलेंच नसतें. आणि ज्या घरांत आजीबाई दांतवण लावीत असत, तेथें काळ्या दांतांचेंहि वाटलें नसतें. तात्पर्य, अशा प्रश्नांत जपान जितका दिसतो, तितकाच प्रश्न विचारणाराहि दिसतो. आपल्या घरीं जें नाहीं त्याचेंच मनुष्याला नवल वाटतें.

एकोणिसाव्या शतकांत जपानचीं दारें जगास उघडलीं आणि प्रश्न विचारणारांची गर्दी झाली. बेसिल हॉल चेंबरलेन हा इंग्रज पंडित १८७३ मध्यें जपानांत आला व पुढें टोकियोच्या विद्यापीठांत अध्यापक झाला. १८९० मध्यें त्यानें ‘थिंग्ज जॅपनीज’ नांवाचा कोशवजा ग्रंथ काढला. त्यांत एक संबंध नोंद उलटेपणाविषयींच आहे. आपण करतों त्याच्या नेमकें उलट हे लोक कसें करतात, याचे मासले तींत दिले आहेत. अशा यादीनें करमणूक होते. परंतु कारण शोधलें नाहीं, तर ज्ञान होत नाहीं.

उदाहरणार्थ, करवत घ्या. युरोपांतला सुतार करवत पुढें ढकलून लांकूड कापतो. जपानी सुतार ती आपल्याकडे ओढून कापतो. वरवर पाहतां हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटतो. पण ढकललेलें पातें वाकूं नये म्हणून तें जाड करावें लागतें. ओढलेलें पातें ताणामुळेंच सरळ राहतें, म्हणून तें पातळ असलें तरी चालतें. पातळ पात्यानें काप अरुंद पडतो, भुसा थोडा होतो आणि सांधे नाजूक बसतात. ज्या देशांत घरांपासून मंदिरांपर्यंत सर्व बांधकाम लांकडाचें, तेथें ही गोष्ट लहान नव्हे. शिवाय जपानी कारागीर भुईवर बसून, लांकूड पायाखालीं दाबून काम करी. त्या बैठकींत ढकलण्यापेक्षां ओढणेंच सोयीचें. उलटी म्हणून टिपलेली रीत अशी विचारांतीं अगदीं सरळ निघते.

जपानी घरांत जोडे काढूनच कां जावें लागतें, हा पाश्चात्त्य पाहुण्याचा नेहमींचा प्रश्न. मराठी घरांत वाढलेल्या माणसास हा प्रश्न सुचणारच नाहीं. परंतु त्यामागची व्यवस्था त्यालाहि नवी वाटेल. दाराच्या आंत एक सखल जागा असते. जोडे तेथें सोडून पायरी चढली म्हणजे घर सुरू होतें. जुन्या पद्धतीच्या खोलींत तातामी नांवाच्या जाड चटया जमिनीत घट्ट बसविलेल्या असतात. एक तातामी सुमारें सहा फूट लांब व तीन फूट रुंद असते, आणि खोलीचें मापहि त्यांवरूनच सांगतात: ही साडेचार तातामींची, ती आठांची. तेथेंच बसावयाचें, तेथेंच जेवावयाचें, रात्रीं तेथेंच गादी पसरावयाची आणि सकाळीं ती घडी करून कपाटांत ठेवावयाची. जमीन हीच जेथें खुर्ची, मेज आणि पलंग, तेथें रस्त्याची धूळ कोण येऊं देईल? लांकडी ओसरीवर सपाता चालतात, तातामीवर त्याहि चालत नाहींत; शौचकूपासाठीं तर वेगळ्याच सपाता असतात, आणि त्या पायांत तशाच ठेवून दिवाणखान्यांत आलेल्या परदेशी पाहुण्यामुळें यजमानास हंसूं आवरणें कठीण जातें. आतां शहरांतल्या पुष्कळ घरांत तातामीची एखादीच खोली असते, कित्येकांत तीहि नसते. जोडे मात्र अजून बाहेरच राहतात.

स्नानाचा प्रश्न आपल्या लोकांना अधिक अडचणींत टाकणारा आहे. एकाच टाकींतल्या पाण्यांत घरांतली सर्व मंडळी एकामागून एक उतरतात, हें ऐकून सोंवळ्याओंवळ्याच्या संस्कारांत वाढलेलें मन दचकतें. परंतु या स्नानाचे दोन भाग आहेत, आणि पाहुण्याच्या दृष्टीस बहुधा दुसराच पडतो. प्रथम टाकीबाहेर बसून, साबण लावून, तांब्या-बादलीच्या रीतीनें अंग स्वच्छ धुवावयाचें. साबणाचा अंशहि राहूं द्यावयाचा नाहीं. मग सुमारें चाळीस अंश उष्णतेच्या पाण्यांत गळ्यापर्यंत बुडून स्वस्थ बसावयाचें. टाकीचें पाणी मळ काढण्यासाठीं नसतेंच. तें शरीर शेकण्यासाठीं आणि दिवसाचा शीण घालविण्यासाठीं असतें. लांकूड आणि कागद यांच्या जुन्या घरांत हिंवाळ्याची थंडी सहज शिरे. तेव्हां निजण्यापूर्वीं अंगांत ऊब भरून घेण्याचा हाच खात्रीचा उपाय होता. एवढें पाणी प्रत्येकासाठीं नव्यानें तापविणें न परवडणारें, म्हणून मधल्या वेळांत टाकीवर झांकण ठेवतात. घरीं पाहुणा असल्यास पहिला मान त्याचा.

जेवणाच्या वेळचे कांहीं नियम असेच आहेत. शेवयांसारखा सोबा नांवाचा पदार्थ भुरके मारून खाल्ला तरी कोणी नांवें ठेवीत नाहीं. मात्र भाताच्या वाटींत काड्या उभ्या खोंचून ठेवल्या तर सर्वांचे चेहरे उतरतात. कारण मृताच्या पुढें ठेवलेल्या भातांत काड्या तशा उभ्या खोंचतात. एकाच्या काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर घांस देणेंहि तितकेंच अशुभ. दहनानंतर आप्तजन काड्यांनींच अस्थि उचलतात आणि एकमेकांकडे देतात. आपल्याकडे एखाद्यानें पानांत पिंडासारखा भात वाढला, तर घरच्या वडील माणसांस जें वाटेल, तेंच त्यांना वाटतें. चार या आंकड्याचें असेंच आहे. त्याचा एक उच्चार ‘शि’ असा होतो आणि ‘शि’ म्हणजे मृत्यु. म्हणून कित्येक रुग्णालयांत चार क्रमांकाची खोली नसते. ‘तीन तिगाडा’ म्हणणारांनीं त्यास हंसण्याचें कारण नाहीं.

लिपीविषयींच्या प्रश्नाचें उत्तर तर आपल्याला आपल्याच घरीं आणून सोडतें. जपानी भाषेच्या एकाच वाक्यांत तीन लिप्या कशा, असें परके विचारतात. चिनी चित्राक्षरें ही एक. नित्याच्या वापरासाठीं सरकारी यादींत त्यांतलीं २,१३६ आहेत, आणि प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत मुलांना १,०२६ शिकावीं लागतात. शिवाय हिरागाना आणि काताकाना अशा दोन उच्चारलिप्या आहेत. पहिली प्रत्यय आणि देशी शब्द यांसाठीं, दुसरी विशेषतः परकी शब्दांसाठीं. या उच्चारलिप्यांचा क्रम ऐकावा: अ, इ, उ, ए, ओ; आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम मराठी कानास ओळखीचा वाटतो, आणि तो योगायोग नव्हे. बौद्ध भिक्षूंनीं मंत्रांचे शुद्ध उच्चार कळावे म्हणून सिद्धम् नांवाची भारतीय लिपि अभ्यासिली. नवव्या शतकाच्या आरंभीं चीनमध्यें जाऊन आलेला आचार्य कूकाई हा त्यांतला प्रमुख. त्या परंपरेंतून आपल्या वर्णमालेची मांडणी जपानी अक्षरांस मिळाली. च-वर्गाच्या जागीं तेथें स आहे, आणि आजच्या ह-चा उच्चार प्राचीन काळीं प असा होता. एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे क्रम जुळतो. पुण्याचें मूल आणि टोकियोचें मूल अक्षरें गिरवतात तीं एकाच जुन्या व्याकरणपरंपरेच्या आधारानें.

शाळेच्या बाबतींत पाहुण्यांस सर्वांत नवल वाटतें तें मुलांच्या हातांतल्या केरसुणीचें. बहुतेक शाळांत मुलें आपला वर्ग, जिना आणि ओसरी स्वतः झाडतात व पुसतात. दुपारचें जेवणहि पाळीपाळीनें मुलेंच वाढतात. शाळेस नोकर नाहींत, असा याचा अर्थ नव्हे. ज्या जागेंत आपण शिकतों ती स्वच्छ राखणें हेंहि शिक्षणच, अशी त्या लोकांची समजूत आहे. हा उत्तम पाठ आहे. मात्र तो पुस्तकांत छापून भागणारा नाहीं, वडील मंडळींनीं आधीं हातीं केरसुणी घ्यावी लागते.

तोंडावरच्या पट्टीचा प्रश्न काळानेंच सोडविला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या सांथींत ती जपानांत रूढ झाली. ज्याला पडसें झालें आहे त्यानें दुसऱ्यास तें लागूं नये म्हणून ती बांधावी, ही त्यामागची रीत. पुढें दुसऱ्या महायुद्धानंतर लाविलेल्या सुगीवृक्षांचे पराग वसंतऋतूंत लाखों लोकांस त्रास देऊं लागले, तेव्हां ती आणखी उपयोगी पडली. परके वर्षानुवर्षें या पट्टीकडे कुतूहलानें पाहत. २०२० सालीं साऱ्या जगानें ती बांधली.

२०२४ या एका वर्षांत सुमारें ३ कोटि ६८ लाख परदेशी प्रवासी जपानांत आले. एवढ्या डोळ्यांचें कुतूहल हें ज्यांच्याकडे पाहावयाचें त्यांच्यावर ओझें होऊं शकतें. क्योतोच्या गिओन भागांत नृत्यगायन शिकणाऱ्या मुलींच्या मागें छायाचित्रांसाठीं प्रवासी धांवूं लागले; त्यामुळें त्याच वर्षीं तेथील खासगी गल्ल्या प्रवाशांस बंद झाल्या. फुजी पर्वताच्या पायथ्याशीं फुजिकावागुचिको गांवांत एका दुकानासमोर छायाचित्रें घेणारांनीं रस्ता अडविला, कचरा टाकला. शेवटीं मे २०२४ मध्यें गांवकऱ्यांना पर्वताच्या आड काळा पडदा उभारावा लागला. आपल्याच पर्वतावर आपणच पडदा टाकण्याची पाळी एखाद्या गांवावर यावी, यापरतें दुःख कोणतें? नुसतें पाहणें आणि विचारणें यांतला भेद येथें स्पष्ट होतो. विचारणाऱ्यास थांबावें लागतें, उत्तर ऐकावें लागतें, आणि उत्तर देणारा आपल्यासारखाच मनुष्य आहे हें मान्य करावें लागतें.

असें विचारण्याचें फळ महाराष्ट्रास मिळालेलें आहे. जपानांत १९०१ मध्यें स्त्रियांसाठीं विद्यापीठ स्थापन झालें. त्याची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हातीं पडली. जपानी बायका शिकून काय करतात, असें नवल करून त्यांनीं ती बाजूस ठेविली नाहीं; तेथें जें साधलें तें येथें कां साधूं नये, असा विचार त्यांनीं केला. १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं ती कल्पना मांडली, आणि १९१६ मध्यें पुण्यास भारतीय महिला विद्यापीठ उभें राहिलें. थोर घराण्यांतल्या जपानी स्त्रियांस लिहितां येतें, ही गोष्ट फ्रॉइशनें १५८५ मध्यें एक नवल म्हणून टिपली होती. कर्व्यांनीं त्याच देशाकडे पाहिलें, आणि त्यामुळें आपल्याकडील हजारों मुलींस पदवीपर्यंत शिकतां आलें.