स्लॉटची लांबी आणि स्लॉटची ताकद

एखाद्या ग्रंथालयाने आपल्या जीर्ण नियतकालिकांची पाने छायांकित करून ती आठ हार्ड डिस्कांच्या एका संचात ठेवली आहेत, अशी कल्पना करावी. संचाची रचना अशी की, आठांपैकी कोणतीही एक डिस्क निकामी झाली तरी उरलेल्या सातांवरून तिच्यातील मजकूर पुन्हा सिद्ध करता यावा. एके दिवशी अशी एक डिस्क बंद पडते, तिच्या जागी नवी बसविली जाते आणि पुनर्बांधणीस आरंभ होतो. हे काम पुरे होईपर्यंत संचाच्या अंगी दुसरा आघात सोसण्याचे बळ नसते. तेवढ्यात आणखी एक डिस्क गेली की सारा संग्रह गेला. अर्थात् पुनर्बांधणीला किती तास लागतात हा प्रश्न नुसत्या सोयीचा राहत नाही. आणि त्या तासांचा निर्णय पुष्कळदा डिस्क करीतच नाही. ज्या स्लॉटमध्ये डिस्कांचे कार्ड खोचलेले असते, तो स्लॉट करतो.

घरगुती मदरबोर्डावर डिस्क जोडण्याच्या जागा बहुधा चार किंवा सहा असतात. आठ डिस्क लावावयाच्या तर स्वतंत्र कार्ड घेणे आले. अशा कामासाठी एलएसआयचे ९२११-८आय हे कार्ड फार वर्षे लोकप्रिय आहे. मोठ्या कार्यालयांतून मोडीत निघालेल्या सर्व्हरमधली ही कार्डे स्वस्तात मिळतात, हे त्याचे एक कारण. हे कार्ड पीसीआय एक्सप्रेस पद्धतीच्या दुसऱ्या पिढीचे असून त्याला आठ लेन लागतात.

लेन म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. १९९२ साली आलेल्या मूळच्या पीसीआय पद्धतीत सर्व कार्डे एकाच सामायिक रस्त्यावरून जात आणि त्या रस्त्याची एकूण क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट एवढीच असे. २००३ साली पीसीआय एक्सप्रेस आली आणि प्रत्येक स्लॉटला स्वतःच्या लेन मिळाल्या. पहिल्या पिढीत एका लेनवरून एका दिशेने सेकंदाला २५० मेगाबाइट जात; दुसऱ्या पिढीत ५००; तिसऱ्या पिढीत सुमारे ९८५. कार्ड एका पिढीचे व स्लॉट दुसऱ्या पिढीचा असला तरी बिघडत काही नाही. दोघांपैकी जो मंद, त्याच्या गतीने व्यवहार चालतो.

गोम आहे ती पुढेच. स्लॉटची लांबी पाहून त्यात किती लेन आहेत हे सांगता येत नाही! सोळा लेनांच्या लांबीचा स्लॉट असावा आणि आत तारा मात्र चारच लेनांच्या, क्वचित् एकाच लेनच्या असाव्यात, असे मदरबोर्ड बाजारात पुष्कळ आहेत. कार्ड त्यात नीट बसते, यंत्र सुरू होते, आठही डिस्क दिसतात. तक्रार करावी असे काहीच घडत नाही आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते.

ग्रंथालयाच्या संचाचा हिशेब मांडून पाहावा. प्रत्येक डिस्क ८ टेराबाइटची असून ती सेकंदाला २०० मेगाबाइट वाचते असे धरू. पुनर्बांधणीत सात डिस्क एकदम वाचल्या जातात, म्हणजे १४०० मेगाबाइट हवेत. आठ लेन मिळाल्या तर या कार्डाला ४००० मिळतात, चार मिळाल्या तरी २०००. दोन्ही पुरेसे आहेत आणि काम अकरा तासांच्या आसपास उरकते. पण एकच लेन असेल तर ५०० मेगाबाइट सातांत वाटून प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम ७१ येतात आणि तेच काम एकतीस तासांवर जाते. वीस तास अधिक संग्रह टांगणीला! स्लॉट तिसऱ्या पिढीचा आहे एवढ्याने समाधान मानणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, कार्ड दुसऱ्या पिढीचे असल्यामुळे त्या जादा वेगाचा येथे काडीइतकाही उपयोग नाही.

म्हणून कार्ड विकत घेण्यापूर्वी मदरबोर्डाची माहितीपुस्तिका उघडावी, आणि तिच्यातील चित्रापेक्षा कोष्टक वाचावे. कोणत्या स्लॉटला प्रत्यक्ष किती लेन, त्या थेट प्रोसेसरकडून येतात की चिपसेटमार्गे, हे तेथे लिहिलेले असते. चिपसेटमार्गे येणाऱ्या स्लॉटला आपला रस्ता नेटवर्क, यूएसबी आणि इतर डिस्क यांच्याबरोबर वाटून घ्यावा लागतो. कोष्टकाखालच्या बारीक अक्षरांतील टीपा तर वगळूच नयेत. एम.२ जागेत डिस्क बसविली की अमुक स्लॉट बंद होतो, किंवा दुसरा स्लॉट वापरला की पहिल्याच्या सोळा लेनांच्या आठ होतात, असल्या अटी तेथेच दडलेल्या असतात. यांपैकी दुसरी अट निरुपद्रवी. पहिली मात्र घातक ठरू शकते.

सर्व्हरच्या कार्डांच्या आणखी दोन खोडी आहेत. काही कंपन्यांच्या नावाने विकलेली याच जातीची कार्डे विशिष्ट घरगुती मदरबोर्डांवर लावली की यंत्र सुरूच होत नाही. तेव्हा जाणकार लोक बी५ व बी६ या दोन संपर्कबिंदूंवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावतात आणि यंत्र मुकाट्याने चालू लागते. उपाय गावठी दिसतो, पण कारण शास्त्रीय आहे: देखरेखीच्या संदेशांची वाहिनी त्या दोन बिंदूंवर असते. दुसरी खोडी उष्णतेची. ही कार्डे सर्व्हरच्या पेटीतील जोरदार वाऱ्यासाठी घडविलेली असतात. घरच्या शांत पेटीत त्यांच्यासाठी लहानसा पंखा लावणे इष्ट.

कार्ड बसविल्यावर प्रत्यक्ष जोडणी तपासता येते. लिनक्समध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा सविस्तर माहितीसह चालविली की कार्डाची क्षमता आणि चालू जोडणी अशा दोन ओळी दिसतात. पहिलीत आठ लेन आणि दुसरीत एक असेल, तर यंत्र बंद करून कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवावे, आणि तेही संचात मजकूर भरण्यापूर्वी.