घोरपडीवाचून चढलेला कडा

(एका कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरी नातवंडे यावयाची असली की आजीची तयारी स्वयंपाकघरात सुरू होते आणि आजोबांची वहीत. पुण्यातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या वहीचे असेच एक पान २०२४ च्या डिसेंबरमध्ये भरले होते. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त बंगळुरूला. थोरला नातू अकरा वर्षांचा, धाकटा सात वर्षांचा. नाताळच्या सुटीत दोघे नऊ दिवसांसाठी पुण्यास आले. त्यांतील पाच दिवस एक लग्न, एक मुंज, दंतवैद्य आणि नातेवाईक यांनी वाटून घेतले. उरलेल्यांतला एक दिवस आजोबांनी हट्टाने मागून घेतला. सिंहगडासाठी.

वहीत ‘काय सांगावयाचे’ या मथळ्याखाली सतरा मुद्दे होते. पहिला कोंढाणा या नावाचा, सतरावा लोकमान्यांच्या बंगल्याचा. खाण्याचा, खेळण्याचा उल्लेख त्यात कोठेही नव्हता. ज्येष्ठांना हा एक रोगच असतो. वर्षभर साठलेले सारे एका दिवसात नातवाच्या ओंजळीत ओतावयाचे. (वक्तेही यास अपवाद नाहीत, हे येथेच मान्य केलेले बरे.) आजीने मात्र पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या, संत्री, दोन जादा स्वेटर आणि एक जुनी चादर भरली. ‘‘तुमचे सतरा मुद्दे थंड होत नाहीत, पुऱ्या होतात,’’ एवढेच ती म्हणाली.

मोटारीऐवजी स्वारगेटहून बसने जावयाचे ठरले, कारण धाकट्याला खिडकी हवी होती. खडकवासल्याचे पाणी दिसू लागले आणि त्याने विचारले, ‘‘आजोबा, हे धरण फुटलं तर?’’

आजोबा बाहेर पाहत राहिले. ‘‘अहो, विचारतोय तो,’’ आजी म्हणाली.

‘‘एकदा फुटलं होतं,’’ आजोबा म्हणाले.

हा मुद्दा वहीत नव्हता. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासलेही टिकले नाही आणि मुठेचे पाणी पुण्यात शिरले. आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे. घर शनिवार पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. आदल्या रात्री पानशेतला लष्कराचे जवान खचत्या बांधावर वाळूची पोती रचत होते. त्यांनी ते धरण काही तास रोखून धरले म्हणून लोंढा अंधारात न येता दिवसाउजेडी आला आणि असंख्य पुणेकरांना पळता आले. ‘‘माझ्या आजोबांनी माझा हात धरला,’’ बसमधले आजोबा सांगत होते, ‘‘आणि आम्ही पर्वतीवर गेलो. सगळं शहरच निघालं होतं. मागे वळून बघायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मी बघितलं.’’

‘‘काय दिसलं?’’

‘‘पाणी. आणि नुसती छपरं.’’

त्या रात्री पर्वतीवर मुले रडू लागली, तेव्हा त्या वृद्धाने चार घरची पोरे भोवती बसवून तानाजीची गोष्ट सांगितली. यशवंती घोरपड, तिच्या कमरेला बांधलेला दोर, दोनदा मागे फिरलेली आणि तिसऱ्यांदा कड्यावर पाय रोवून बसलेली. चार दिवसांनी घरी परतल्यावर दारापासून माजघरापर्यंत गुडघाभर चिखल होता. पाण्यासाठी विहिरींवर रांगा होत्या. हे सारे आजोबांनी स्वतःच्या मुलालाही कधी सांगितले नव्हते. आजीला ठाऊक होते, ते सासूकडून.

डोणज्याच्या पुढे जीप मिळाली. गडावर पोहोचल्यावर मात्र वहीची सत्ता संपली. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवरचा डिसेंबरातला वारा, त्याने उडवलेली धाकट्याची टोपी, टोपीमागे धावणारे तिघे आणि ‘‘अहो, तुम्ही धावू नका’’ असे ओरडत स्वतःच धावणारी आजी! पुणे दरवाजाच्या एकामागून एक तीन कमानींतून थोरल्याने तीनदा शत्रू होऊन हल्ला केला आणि धाकट्याने तीनदा त्यास कैद केले. देवटाक्याचे गार पाणी तोंडावर मारून झाले. एका मावशींकडे चुलीवरची पिठलं-भाकरी झाली. मातीच्या मडक्यातले दही धाकट्याने तीन मडकी संपवले आणि रिकामी मडकी बंगळुरूला न्यावयाचीच म्हणून पिशवीत कोंबली. पुऱ्या अर्थातच परत आल्या.

जेवणानंतर आजीने झाडाखाली चादर पसरली, पाच गोल खडे वेचले आणि सागरगोट्यांचा डाव मांडला. थोरला मोबाईलवरील खेळांत घरचा अजिंक्यवीर. आजीचे बोटे दुखणारे हात पाहून त्याने दयेने पहिली पाळी तिला दिली. ती पाळी संपेचना. वर खडा, खाली झडप, पुन्हा वर. सहा डावांत तो एकदाही जिंकला नाही. ‘‘आजी, तू हे आधी का नाही सांगितलंस?’’ तो म्हणाला. आता नातवंडांचे मराठी मोडके झाले अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. ती खरीही आहे. परंतु मोडके मराठी बोलावयासही समोर कोणीतरी रिकामे बसलेले लागते, इकडे लक्ष कमी जाते. त्या चादरीवर दीड तास मराठीवाचून दुसरी भाषा कोणाला सुचली नाही, कारण ‘झेल’ आणि ‘डाव’ यांवर इंग्रजीत भांडता येत नाही.

मग आली खरी परीक्षा. पश्चिमेकडील तानाजी कड्यावर कठड्याशी चौघे उभे राहिले. येथूनच ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे चढले. खाली पाहून थोरला गप्प झाला आणि मग म्हणाला, ‘‘आजोबा, शाळेच्या ट्रिपमध्ये मी घोरपड बघितली होती. ती माणसाचं वजन कसं घेईल?’’

वहीतील नववा मुद्दा ‘घोरपड’ हाच होता, त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलेले. याच कड्यावर त्यांनी मुलाच्या लहानपणी त्याला यशवंतीची गोष्ट रंगवून सांगितली होती. निवृत्तीनंतर वाचन वाढले तेव्हा कळले की घोरपड तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात आहे. परंतु राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाकडे ती नाही. आता खरे सांगावे, तर पर्वतीवरच्या त्या रात्रीला, त्या थकलेल्या आजोबांना खोटे पाडल्यासारखे होणार. न सांगावे, तर अकरा वर्षांच्या मुलाने सरळ विचारलेल्या प्रश्नाला बगल दिल्यासारखे होणार. आजोबा बराच वेळ कठडा धरून उभे होते.

‘‘घोरपड बहुधा नव्हती,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘सभासद लिहितो, कडे चढण्यात तरबेज असे दोघे मावळे निवडले. ते वानरांसारखे हातापायांनी चढले. वरून त्यांनी माळ सोडली, म्हणजे शिडी. मग तानाजी आणि तीनशे लोक वर आले.’’

‘‘नुसत्या हातांनी? रात्री?’’

‘‘हो.’’

थोरल्याने कठड्यावरून पुन्हा वाकून पाहिले. ‘‘मग तर जास्तच भारी आहे हे. घोरपड असती तर सोपं झालं असतं.’’

‘‘मग तुमचे आजोबा खोटं बोलले?’’ धाकट्याने रोखठोक विचारले.

आजोबांना उत्तर सुचले नाही. त्याने स्वतःच विचार केला आणि निकाल दिला, ‘‘नाही. तिथे रात्री पुस्तक कुठे होतं? आणि मुलं रडत होती ना.’’

आजीने पदर डोळ्यांना लावला आणि वारा फार आहे म्हणाली.

परतताना राजाराम महाराजांच्या समाधीपाशी थांबणे झाले. १७०० मध्ये महाराजांचे देहावसान याच गडावर झाले. ज्यांच्या पदरी राहून सभासदाने बखर लिहिली ते हेच, एवढे ऐकताच थोरल्याने आपण होऊन बूट काढले. टिळकांचा बंगला राहूनच गेला. सतरापैकी जेमतेम पाच मुद्दे झाले. उतारावर जीपमध्ये आजोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही वहीबाहेरची : पानशेत पुन्हा बांधले गेले आणि त्या जलाशयाचे नाव आज तानाजीसागर आहे. धाकटा तोवर आजीच्या मांडीवर झोपला होता, मडक्यांची पिशवी घट्ट धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी वही उघडली. सतराव्या मुद्द्याखाली पेन्सिलीने, वेलांटी चुकलेल्या अक्षरांत एक ओळ वाढलेली होती : ‘१८. पर्वती. आज. आजीला पण घ्या.’