वाट पाहणाऱ्यांचा हिशेब



आज आम्ही येथे वेळेवर पोचलो, कारण एका स्नेह्याने आम्हांला आपल्या मोटारीतून आणले. प्रवाशांची कैफियत मांडावयाची आणि मोटारीतून यावयाचे, यातला विनोद आमच्या ध्यानात आहे. परंतु आजच्या विषयाचा गाभा तोच आहे. ज्याला वेळेवर पोचावयाचे असते तो सार्वजनिक गाडीवर विसंबत नाही. आणि ज्याला विसंबावेच लागते, त्याच्या वेळेचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

आपल्या भागात साधनांची वाण आहे असे नाही. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली आणि पुढे तिची लाल गाडी खेडोपाडी पोचली. 1986 साली रेल्वे रोह्यास आली. कोकण रेल्वेचा प्रारंभ रोह्यापासूनच झाला व 1998 साली तो मार्ग संपूर्ण खुला झाला. मार्च 2023 पासून एस. टी.त स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला. मग अडते कोठे?

अडते ते जोडणीत. पेण सोडले की कासू, नागोठणे आणि मग रोहा. आगगाडीला हे अंतर काही फार नाही. पण येथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. लांब पल्ल्याच्या पुष्कळ गाड्या शिट्टी देऊन पुढे निघून जातात. रस्त्याने जावे तर वडखळ, नागोठणे, भिसे खिंड अशी वाट. त्यातल्या महामार्गाचे, पनवेल ते इंदापूर टप्प्याचे, चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले आणि एक तप उलटून गेले तरी रेंगाळले. आगगाडीचे वेळापत्रक एक खाते करते, बसचे दुसरे. पेणच्या मूर्ती सातासमुद्रापलीकडे मुहूर्ताच्या आत पोचतात. पेणचा माणूस मात्र रोह्यास केव्हा पोचेल, हे त्यालाही सांगता येत नाही!

मागे एका थांब्यावर एक आजी नातीला घेऊन बसल्या होत्या. नातीची परीक्षा होती. रस्त्यावर कोंडी झालेली. चालक-वाहकाचा त्यात काय दोष? एक विक्रम आली, ती खच्चून भरलेली. आजींनी आम्हांला विचारले, ‘भाऊ, गाडी येईल ना?’ आम्ही ‘येईल’ म्हणालो. पण आमच्या शब्दात बळ नव्हते. त्यांच्यासमोरून मोटारी जात होत्या आणि बहुतेकींत एकेकच माणूस बसला होता.

येथेच दुष्टचक्र आहे. बस उशिरा येते म्हणून आपण मोटार घेतो. मोटारींनी रस्ता भरतो म्हणून बस आणखी उशिरा येते. प्रवासी घटले म्हणून फेरी बंद होते. चाळीसएक माणसे नेणारी बस जेमतेम दोन-तीन मोटारींची जागा व्यापते, हे साधे गणित आपण विसरतो. मोटार घेणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. पण ज्याच्या शब्दाला वजन आहे तोच बसमधून उतरला, तर मागे राहिलेल्या आजींची तक्रार कोण ऐकणार?

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. आगगाडी आली की स्थानकाबाहेर बस उभी असावी. दोन्ही खात्यांनी एकत्र बसून वेळा ठरवाव्यात. गाडीस उशीर होणार असेल तर तो थांब्यावर कळावा. आणि आपण, मोटारवाल्यांनी, आठवड्यातून एक दिवस तरी बसने जावे. म्हणजे निदान कोठे दुखते ते आपल्याला कळेल आणि आपण बोलू लागू.

ती मुलगी परीक्षेस वेळेवर पोचली की नाही, हे आम्हांला कळले नाही, कारण तेवढ्यात आमच्या ओळखीची एक मोटार आली आणि आम्ही तीत बसून गेलो. तीत आणखी दोघांची जागा होती, हे आम्हांला पुष्कळ पुढे गेल्यावर सुचले. ती रुखरुख आपल्यापुढे ठेवून आम्ही आपली रजा घेतो.