पंढरपूर ते घुमान : संत नामदेवांची वाट

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठी शाळा चालविणे ही सोपी गोष्ट नव्हे. अशा शाळेच्या हीरक महोत्सवात मी संत नामदेवांविषयी बोलण्याचे ठरविले, त्यास कारण आहे. तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे मराठी पोहोचली ती राजसत्तेबरोबर. नामदेव त्याच्या कितीतरी आधी उत्तरेस गेले. त्यांच्यामागे ना सैन्य होते, ना सनद. कीर्तन हीच त्यांची शिदोरी होती.

नामदेवांचा जन्म 1270 चा. वडील दामाशेटी, आई गोणाई; घराणे शिंप्याचे. त्यांचे बालपण पंढरपुरात विठ्ठलाच्या सहवासात गेले. त्यांच्या घरी आश्रयास आलेली अनाथ जनाबाई पुढे स्वतः थोर कवयित्री झाली, आणि स्वतःस नामदेवांची दासी म्हणविण्यात तिने धन्यता मानली. मंगळवेढ्यास कूस कोसळून चोखोबांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी बांधविणारे नामदेवच, असे परंपरा सांगते. ज्यास देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याचे स्थान त्यांनी देवाच्या दारात कायम केले.

शाळेच्या व्यासपीठावरून एक कथा मुद्दाम आठवावीशी वाटते. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने प्रत्येकाचे डोके तपासले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलणारा हा भक्त त्या निवाड्याने दुखावला. पण अखेर औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेला आणि शिष्य झाला. देव केवळ पंढरीच्या मूर्तीत नाही, तो सर्वत्र आहे, हा बोध त्यांना तेथे झाला. ही कथा इतिहासाच्या कसोटीवर तपासण्याची गरज नाही. कीर्ती लाभल्यावरही पुन्हा विद्यार्थी होण्याची तयारी तीत आहे, आणि पुढच्या प्रवासाची किल्लीही तीतच आहे. देव सर्वत्र असेल, तर सर्वत्र जाता येते.

1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. नामदेवांच्या नावावरील ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ ही अभंगप्रकरणे ज्ञानेश्वरांचे आद्य चरित्र मानली जातात. मित्राच्या वियोगानंतर नामदेव आणखी 54 वर्षे जगले. त्यांतील बराच काळ त्यांनी उत्तर भारतात, विशेषतः पंजाबात व्यतीत केला. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव आजही त्यांचे म्हणून ओळखले जाते.

तेथे त्यांनी काय केले? त्या लोकांची भाषा आत्मसात केली आणि तीत पदे रचली. पुढे 1604 मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा कबीर, रविदास, फरीद यांच्या वाणीबरोबर नामदेवांची पदेही त्यात आली. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदे आहेत. गुरुमुखी लिपीतल्या त्या पदांत ‘बीठल’ हे नाव येते. ते आपल्या पंढरीचेच दैवत. आपण शिंपी आहोत हेही त्यांनी तेथे लपविले नाही. सुई, दोरा, कात्री यांच्याच प्रतिमांतून ते भक्ती सांगतात. भाषा बदलली, पण बोलणारा माणूस बदलला नाही.

पंढरपुरात महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे. 1350 मध्ये ते तेथे समाधिस्थ झाले, असे वारकरी मानतात. पंजाबातील भाविकांची श्रद्धा अशी की त्यांचे अखेरचे दिवस घुमानलाच गेले. हा वाद मिटविण्याचा मला मोह होत नाही. दोन प्रांतांनी ज्यास आपल्या मातीतला मानावे, असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्यास येते. 2015 मध्ये 88 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले, ते याच नात्यापोटी.

पालकहो, आपल्या मनातला प्रश्न मी जाणतो. येथील प्रांताची भाषा, हिंदी, इंग्रजी एवढा भार असताना मुलांवर मराठी कशासाठी? प्रश्न रास्त आहे, आणि नुसत्या अभिमानाने त्याचे उत्तर देता येणार नाही. पटसंख्या घटली की अभिमान वर्ग भरवू शकत नाही. नामदेवांच्या चरित्रातून मला दिसते ते असे : ज्यास एका भाषेत मन ओतून बोलता आले, त्यास दुसरी भाषाही परकी राहिली नाही. मात्र याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. शेजाऱ्यांची भाषा टाळून त्यांनी मराठी जपली नाही. आपल्या शाळेनेही मराठीला कुंपण करू नये.

म्हणून एक विनंती करतो. वरच्या वर्गांत नामदेवांचा एक मराठी अभंग आणि त्यांचे एक हिंदी पद एकाच तासाला शेजारी ठेवून शिकवावे. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस येऊन तो तास घ्यावा. आपण कोठे गेलो, तेथे कोणती भाषा शिकलो आणि मराठीने आपणास कोठे साथ दिली, हे मुलांना आपल्या तोंडून ऐकू द्यावे. पालकांनाही त्या तासाला बसू द्यावे. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना तेथे मिळेल, अशी मला आशा आहे.

शाळेच्या शतक महोत्सवासही असाच मेळा भरो, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.